कोपरापर्यंत धुतलेला हात

भाकर योगराजच्या घरची होती, म्हणून ताटही त्याच्याच हातात होतं.

नवेगाव बांधच्या या लहानशा ख्रिस्ती मंडळीची रीतच तशी. येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीचं प्रभुभोजन ज्याच्या घरी, त्याच्या तांदळाची भाकर, आणि ती वाटायचीही त्यानंच. मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, कैलाशभाऊ सगळ्यांच्या शेवटी घेत. ही पाळी आपल्या घरी यायची योगराज पावसाळ्यापासून वाट पाहत होता. पावसाळ्यात त्याची बायको धुरपता गेली.

शेवटच्या दुखण्यात तिनं ही भाकर मागितली होती. कैलाशभाऊ डबा घेऊन आले, खाटेजवळ बसले आणि तिच्या गळ्यातली काळी पोत पाहून थांबले. जुन्या देवांची खूण आधी उतरव, म्हणाले. नवरा जिता असताना बाई पोत उतरवत नसते. धुरपतानं नुसती मान हलवली. कैलाशभाऊंनी बाहेर काढलेला तुकडा परत डब्यात ठेवला आणि झाकण दाबून लावलं. त्या झाकणाचा आवाज योगराजच्या कानातून अजून गेला नव्हता.

आजचं वाचन बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांतलं होतं. यरुशलेमेत सभा भरली, आणि विश्वास ठेवणाऱ्यांतलेच काही परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे यहुदी, उठून म्हणाले, की बाहेरून आलेल्या, यहुदी नसलेल्यांची सुंता झालीच पाहिजे, त्यांनी मोशेचं नियमशास्त्र पाळलंच पाहिजे. अंगणवाडीत शिकवणारी मंजू तिथंच अडली. परुशी तर येशूशी वाद घालणारे. ते मंडळीत आले कसे, आणि आल्यावरही परुशीच कसे राहिले?

म्हातारा रामलाल हसला. "पोवार ख्रिस्ती झाला तरी पोवारच राहते बाई. खरं वाटत नसन त पोरीचं लग्न जुळवून पाह्य."

चटईवर हसू फिरलं. कैलाशभाऊ मात्र हसले नाहीत. त्यांनी नीट समजावून सांगितलं. सगळेच परुशी ढोंगी नव्हते. देवळातले याजक जी शुद्धता पाळत, ती त्यांना घरोघरच्या ताटापर्यंत आणायची होती. म्हणून जेवणाआधी हात धुणं, म्हणून पुदिन्याचाही दशमांश देवाला. आणि प्रेषित पौल? प्रभूचा झाल्यावर कितीतरी वर्षांनी तो भर सभेत म्हणाला, मी परुशी आहे. त्याला त्याची लाज नव्हती.

"मंग त्या यरुशलेमच्या सभेत निकाल काय लागला, भाऊ?" योगराजनं विचारलं. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलत होता.

"बाहेरच्यायवर नियमशास्त्राचं जू ठेवाचं नाई, असा."

"मंग धुरपतावर काऊन ठेवलं?"

कैलाशभाऊंची बायको निर्मलाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिचा हात आपल्या मोकळ्या गळ्याकडे गेला आणि तिथंच राहिला.

कैलाशभाऊंचा आवाज चढला नाही. मूर्तीच्या विटाळापासून दूर राहा, हेही त्याच सभेनं सांगितलं होतं, ते म्हणाले, आणि पोत त्यातच येते. धुरपताबाईसाठी आपल्यालाही वाईट वाटलं होतं. पण एकीला सूट दिली, की उद्या दुसरी मागते. "मंडळी टिकवाची त कोनाले तरी नेम पाळाच लागते. तू मले परुशी म्हन, योगराज. मले राग नाई."

योगराजनं हाच शब्द इतके दिवस त्यांच्या तोंडावर मारायला जपून ठेवला होता. त्यांनी तो मानाच्या फेट्यासारखा डोक्यावर चढवून घेतला.

प्रार्थना झाली. योगराजनं भाकर मोडली आणि ताट घेऊन उठला. मंजूला दिलं, रामलालला दिलं, एकेकाला देत निर्मलाबाईपर्यंत आला. तिनं खाली मान घालून तुकडा उचलला. तेवढ्यात कैलाशभाऊ सवयीप्रमाणे अंगणातल्या बादलीपाशी जाऊन आले. भाकर घेण्याआधी ते नेहमी कोपरापर्यंत हात धूत. येऊन बसले आणि त्यांनी ओला हात पुढं केला.

ताटात एकच तुकडा उरला होता. योगराजनं ताट मागं घेतलं.

"हा धुरपताचा आहे."

"ती गेली, योगराज," कैलाशभाऊ हळूच म्हणाले.

"तिच्या मातीवर नेऊन ठेवतो."

"तिथं कोन खाईन? मुंग्या?"

"खाऊ दे. मुंग्यायच्या गळ्यात काय आहे, ते मी पाहत नाई."

त्यानं तुकडा खांद्यावरच्या दुपट्ट्यात बांधला. धुरपता बोडीच्या, त्या लहानशा तळ्याच्या, पाळीपलीकडं पुरलेली होती, पोतीसकट. दारात चप्पल घालताना त्यानं एकदा वळून पाहिलं. ज्यांच्या हातात तुकडे होते, त्यांच्यातल्या कोणीच तो तोंडात घातला नव्हता. निर्मलाबाईची मूठ मिटलेली होती. कैलाशभाऊंचा धुतलेला हात तसाच पुढं होता, आणि कोपरावरून पाणी सारवलेल्या जमिनीवर टपकत होतं.