सरसाचा थेंब

"त्या दाराला हात लावू नकोस," दादा म्हणाला. "आत लाकडं मुरताहेत. बाहेरची हवा लागली की तडकतात."

धाकटीला हे का नवं होतं? बाबांच्या गिटारच्या कारखान्यातच ती लहानाची मोठी झाली होती. नवी होती ती लाकडांच्या खोलीची बाहेरून लावलेली जाडजूड कडी.

महिन्यापूर्वी तळ्याकाठी बाबांच्या चपला सापडल्या होत्या. बाबा सापडले नाहीत. ती दूरवरून येऊन पोचली तेव्हा दादाने सगळं उरकलेलं होतं. कारखाना आता दोघांचा, निदान म्हणायला तरी.

"तू चालवणार हे?" तिने विचारलं. "तुला फळी सरळ कापता येत नाही!"

"कापायची कशाला? विकायच्या. बाबा होते तेव्हा कुणी ढुंकून बघत नव्हतं. गेल्यापासून त्यांच्या गिटारींवर लोकांच्या उड्या पडताहेत."

"संपल्या की?"

"बघू," म्हणत त्याने विषय बदलला.

बाकावर एक गिटार होती. तारा चढवायच्या बाकी, कडेने शिकंजे आवळलेले.

"ही माझी ना? बाबा करणार होते ती?"

"हो, शेवटची. शिकंजे आवळून गेले, ते तसेच आहेत. मी बोटसुद्धा लावलेलं नाही."

मग एक झाकलेलं ताट उचलून तो मागच्या अंगाला निघाला. कुत्र्यासाठी, म्हणाला. कुत्रा काही तिला दिसला नव्हता. तिच्या मनात पाल चुकचुकली. बाबांचं आणि दादाचं कधी पटलं नव्हतं. दादानेच तर त्यांना... पुढचा विचार तिला करवेना.

तिने गिटार जवळ ओढली. बाबा कधी सही करत नसत. गिटारची पोकळ पेटी बंद करण्याआधी आतल्या पट्टीवर लाकूड चिकटवायच्या सरसाचा एक थेंब टाकायचे आणि त्यावर अंगठा दाबायचे. त्या अंगठ्यावर करवतीचा तिरपा व्रण होता.

"पण दिसणार कुणाला?" तिने एकदा विचारलं होतं.

"मला ठाऊक आहे ना! चूक सुधारायची तर लगेच, पोरी. सरस रात्रभरात दगड होतो."

बाबांचा छोटा आरसा खुंटीलाच होता. तो तिने गिटारच्या भोकातून आत सरकवला आणि विजेरी धरली.

ठसा होता. मधोमध तोच तिरपा व्रण.

तिला भडभडून आलं. निरोप घ्यायचा राहूनच गेला होता. आरसा बाजूला ठेवून तिने हात आत घातला आणि त्या ठशावर अलगद बोट टेकवलं.

बोट चिकटलं.