शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं

उतारावरचा बर्फ टिकेल की घसरेल ते बघायला नोरीनने खणलेल्या खड्ड्याच्या भिंतीतून बर्फाचा एक खांब करवतीने मोकळा केला, त्यावर फावड्याचं पातं ठेवलं आणि नुसत्या मनगटाने थापट्या मारायला सुरुवात केली. हात दुखायच्या आतच वरचा जाड थर ड्रॉवरसारखा सरकला आणि तिच्या मांडीवर आला. खाली ऑक्टोबरातला बर्फ होता, जाड्या साखरेसारखा सुटा. मुठीत धरला की गळून जाणारा.

तिचे वडील, लॉइड, वर काठीवर रेलून सँडविच खात होते. सान हुआन डोंगरांतल्या या खोऱ्यात पायाला स्की बांधणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला, कुठल्या उतारावर जायचं आणि कुठल्या नाही, ते त्यांनीच शिकवलं होतं. डिसेंबर नुकताच लागला होता. समोरचा उतार अजून कोरा होता.

"काय म्हणतेस, पोरी? उतरायचं इथून?"

"नाही," ती पुटपुटली.

"मला सांगतेस की बर्फाला? मोठ्याने म्हण. शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं."

"शेवटचा माणूस तूच आहेस, बाबा."

"म्हणूनच. कान गेलेत माझे."

"नाही!"

ते हसले. उरलेलं सँडविच कागदात गुंडाळून खिशात टाकलं. एकाने नाही म्हटलं की सगळ्यांनी मागे फिरायचं, वाद घालायचा नाही, हा त्यांचाच नियम. वळताना त्यांनी एकदा उताराकडे पाहिलं. गाडीत मात्र रेडिओबरोबर बेसूर गात राहिले, आणि घरी पोचल्यावर म्हणाले, "बरं झालं, तू होतीस."

दुसऱ्या दिवशी ते आपल्या मित्राला, वेसला, घेऊन तिथेच गेले. तिला सांगितलं नाही. उतारावरचा अख्खा बर्फ खाली आला. वेस कडेला फेकला गेला, म्हणून खांद्यावर निभावलं. लॉइडना खणून काढेपर्यंत फार उशीर झाला होता.

आता त्याच वाटेच्या तोंडाशी, गाड्या लावायच्या जागेत, सगळं गाव जमलं होतं. कुणीतरी लॉइडची जुनी स्की बर्फात उभी रोवून तिच्यावर त्यांची नारिंगी टोपी घातली होती. येणारा प्रत्येक जण टोपीला हात लावून पुढे जात होता. पिकअपच्या मागच्या फळीवर चिलीच्या तिखट रश्श्याचं पातेलं वाफाळत होतं.

हात गळ्यात बांधलेल्या वेसने कॉफीचा कप आणून नोरीनच्या हातात दिला. "एक सांगायचं होतं. मी कुणाला बोललो नाही, बोलणारही नाही."

"काय ते?"

"त्या सकाळी मी त्याला म्हटलं, खड्डा खणून बघू या का. तर म्हणाला, नोरीनने कालच खणलाय, तिने सगळं बघितलंय, चल." वेसचे डोळे भरून आले. "चूक कुणाचीही होते गं. माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नाही."

त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

नोरीनने टोपीकडे पाहिलं. एक म्हातारी बाई टोपीवरचा बर्फ झटकत होती. नोरीन गप्प राहिली, तर बाबा सगळ्यांसाठी होते तसेच राहणार होते. हातातला कप गार होत गेला.

"लॉइडबद्दल कुणाला काही बोलायचंय?" पातेल्याजवळून कुणीतरी विचारलं.

तिने कप बर्फात ठेवला.

"या उताराला मी नाही म्हटलं होतं."

पार मागे, वळणावरच्या गाडीला टेकून उभ्या असलेल्या माणसाने मान वर केली.

"आणि बाबाने ते ऐकलं होतं."