मिठी

रिअ‍ॅक्टरच्या तळाशी उकिडवा बसून चिकटलेला रसायनाचा थर खरवडणारा धवल एकाएकी बसल्या जागी कलंडला. वर, आत उतरायच्या मॅनहोलपाशी नजर ठेवायला उभ्या असलेल्या विश्वंभरने हाक मारली, मग पुन्हा मारली. उत्तर आलं नाही. त्याने भोंग्याचं बटण दाबलं आणि मास्क-सिलिंडर आणायला एकाला पिटाळलं. स्वतः मात्र आत उतरला नाही.

सकाळी आतली हवा तपासली तेव्हा ठीक होती. नंतर कुठला तरी व्हॉल्व्ह गळून नायट्रोजन भरला असणार. त्याला ना वास, ना रंग; पण त्याने आतला प्राणवायू हटतो आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि तोही तिथेच आडवा होतो, हे विश्वंभरने पूर्वी पादरा गावाकडच्या एका कारखान्यात डोळ्यांनी पाहिलं होतं.

भोंगा ऐकून सगळ्यात आधी धावत आला तो कुणाल. शेजारच्या प्लांटवरचा ऑपरेटर, धवलचा धाकटा भाऊ. त्याने आत डोकावून पाहिलं आणि सरळ पाय टाकला.

विश्वंभरने त्याला मागून मिठी मारली.

"छोडो मने, काका! भाऊ आहे माझा!"

"मास्क येतोय. त्याच्याशिवाय नाही."

"श्वास रोखून जातो मी! दोरी का नाही बांधली त्याला?"

विश्वंभरने मिठी आणखी घट्ट केली. आतल्या मिक्सरच्या पात्यांत अडकते म्हणून धवलने दोरी सोडली होती आणि त्याने ती सोडू दिली होती.

कुणालने लाथा झाडल्या, त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. विश्वंभर त्याला घेऊन पायाखालच्या लोखंडी जाळीवर पडला आणि तसाच त्याच्या अंगावर पडून राहिला. मास्क लावून माणसं उतरली, धवलला वर काढलं, तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं.

दुपारी दांडिया बाजारातल्या घरून दोघांची आई, निरुपमाबाई, इस्पितळात पोचल्या. कुणालला झोपेचं इंजेक्शन दिलं होतं, तरी त्याचे डोळे उघडेच होते. आईकडे न बघता तो एकच म्हणत होता, "मी सुटलो नाही गं. जोर कमी पडला माझा. माझ्यामुळे गेला दादा."

बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या. विश्वंभर भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे झाला.

"वहिनी, तो आत गेला असता तर—"

"कळतं मला." त्यांचा आवाज अगदी खाली होता. "एक तरी पोर ठेवलंत तुम्ही मला. पण तो स्वतःलाच खातोय, भावोजी. असाच राहिला तर हाही हातचा जाईल. मी आता आत जाऊन तुमचं नाव घेणार आहे. तुम्ही नाही म्हणू नका. त्याच्यापाशी ते कधीच नाकारू नका."

विश्वंभरने काही बोलायच्या आत त्या वळल्या होत्या.

दार पुरतं लागलं नव्हतं. आतून त्यांचा आवाज आला, साऱ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असा.

"तुझा काय दोष रे? त्या विश्वंभरने मारलं माझ्या धवलला!"

आणि सकाळपासून पहिल्यांदाच कुणाल ओक्साबोक्शी रडू लागला.

कॉरिडॉरमधली माणसं वळून विश्वंभरकडे पाहू लागली. त्याने मान खाली घातली, पण जागचा हलला नाही.