बाबांची ओळ

“एक ओळ,” बाबा म्हणाले. “फक्त एक ओळ हाताने लिही, म्हणजे मला झोप लागेल.”

सुनेने कीबोर्डवरचे हात उचलले. हा वाद आता दोघांनाही तोंडपाठ झाला होता.

चष्म्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत सासऱ्यांचा छोटासा उद्योग होता. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढणारं यंत्र तिथे बनायचं. त्या यंत्राला कॉम्प्युटरशी बोलायला लावणारा ड्रायव्हर बाबांनी उमेदीच्या काळात स्वतः लिहिला होता. ड्रायव्हर कामापुरती मेमरी मागून घेतो आणि काम झालं की परत करतो. बाबांच्या कोडमध्ये ती परत करण्याची ओळ बाहेर पडायच्या प्रत्येक वाटेवर हाताने लिहिलेली होती. एका वाटेवर ती राहून गेली होती, आणि तिथेच यंत्र हँग व्हायचं.

सुनेने सगळा ड्रायव्हर नव्याने लिहून काढला. मेमरी घेतानाच ती कशी परत करायची ते सांगून ठेवायचं. मग काम नीट संपो की मध्येच फिसकटो, मेमरी आपोआप परत जाते.

“आपोआप म्हणजे कोण करणार?” बाबांनी विचारलं होतं.

“कंपायलर.” लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम.

“तो काय आपल्या घरचा आहे?”

“घरचा नाही, म्हणून तर विसरत नाही.”

हे बाबांना चांगलंच झोंबलं. तेव्हापासून ते येता-जाता नाक मुरडत होते. आणि आता, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई उद्या यंत्र तपासायला येणार म्हटल्यावर, त्यांनी ही एक ओळ लावून धरली होती. फोटो अर्धवट आला असताना केबल निघाली तर मेमरी हातानेच परत करायची. “माझी चूक तिथे झाली होती. ती मीच भरून काढणार.”

बाबांनी विकलेली बहुतेक यंत्रं डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यांत होती. एका पेशंटचा पाय केबलीत अडकला आणि यंत्र बंद पडलं, तेव्हा बाई भयंकर चिडल्या होत्या. उद्या पुन्हा हँग झालं तर सगळी यंत्रं परत येणार आणि शटर खाली ओढावं लागणार, हे दोघांनाही माहीत होतं.

सुनेने ओळ लिहून टाकली. म्हाताऱ्याचा मान राहतोय तर राहू दे, एक ओळ काय बिघडवणार?

काय बिघडवणार ते दुसऱ्या दिवशी जिना चढताना तिच्या लक्षात आलं. मेमरी हातानेही परत जाणार आणि नंतर आपोआपही. एकच गोष्ट दोनदा परत! मधल्या वेळात ती दुसऱ्या कुणाला दिलेली असली तर सगळा बट्ट्याबोळ.

ती धावतच आत शिरली. बाबा नेहमीपेक्षा लवकर घरातून निघाले होते. डॉक्टरीणबाईही वेळेआधीच येऊन बसल्या होत्या. यंत्र चालू होतं आणि त्याच्या पट्टीवर हनुवटी टेकवून बाबाच पेशंट झाले होते.

“बाबा, जरा बाहेर येता?”

“आता कसलं बाहेर?” बाबा हनुवटी न हलवता म्हणाले. “ती ओळ जिथे असायला हवी तिथेच आहे. तू बस निवांत.”

“मी केबल ओढणार,” बाई म्हणाल्या. “कधीही. न सांगता.”

“खुशाल ओढा. घरचीच आहे.”

बाईंनी फोटोच्या आधी ओढली, नंतर ओढली. यंत्राने दर वेळी शांतपणे ‘केबल जोडा’ असं सांगितलं. मग त्यांनी बटण दाबलं. बाबांच्या डोळ्याचा नारिंगी गोल अर्धा पडद्यावर उतरला आणि बाईंनी केबल खसकन उपटली.

सुनेने खुर्चीचा हात घट्ट धरला.

‘केबल जोडा.’

जोडली. पूर्ण गोल आला. पुन्हा अर्ध्यात ओढली, पुन्हा आला. बाई हट्टाला पेटल्या होत्या, पण यंत्र काही बधेना. शेवटी त्यांचाच हात दुखायला लागला.

“यंत्र ठणठणीत आहे, काका,” त्या हसत म्हणाल्या. “तुमच्या डोळ्याचं मात्र बघायला हवं. यंत्रं राहू देत आमच्याकडे. नवं कुणी लिहिलं?”

“सूनबाईने.” बाबांनी मान ताठ केली. “आपोआप होतं म्हणे सगळं. पण त्यात एक ओळ माझ्या हातची आहे बरं का. तिच्यावरच उभं आहे!”

नशीब बलवत्तर, एवढंच सून मनाशी म्हणाली. दोनदा परत केलेली मेमरी दर वेळी लगेच दगा देत नाही. दवाखान्यात मात्र कधीतरी देणारच.

बाई गेल्या. बाहेरच्या खोलीत बाबांनी मुलाला फोन लावला. “अरे, तुझ्या बायकोचं काम चांगलंच आहे, नाही कोण म्हणतंय? पण वाचवलं कुणी? माझ्या ओळीने!” त्यांचा आवाज दहा वर्षांनी तरुण झाला होता. तो ऐकून सुनेला हसू आलं आणि भरूनही आलं. ओळ गुपचूप काढायची आणि त्यांना कधीच कळू द्यायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

तिने दार लोटून घेतलं, कोड उघडला आणि त्या जागी आली.

ओळ तिथे नव्हती. वर पाहिलं, खाली पाहिलं, कुठेच नव्हती. या कोडला हात लावणारी माणसं दोनच होती, आणि तिने तर आज अजून हातही लावला नव्हता.