ओसरीवरचा स्पीकर

लुपे फोन घेऊन पुन्हा परसात निघाली आणि सोसेफोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोजचंच झालं होतं हे. फोन वाजला की ही हात पुसणार, इकडेतिकडे बघणार आणि नीरफणसाच्या झाडाखाली जाऊन उभी राहणार. परत येणार ती गालातल्या गालात हसत.

"कुणाचा होता?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "आईचा."

सासूबाईंचा आवाज इतका घोगरा कधीपासून झाला, हे विचारायला त्याची जीभ रेटत नव्हती. भिंतीआडून त्याने तो आवाज एकदा ऐकला होता आणि ओळखलाही होता. चर्चमध्ये खर्जात गाणारा, बायको गेलेला तानिएला. सध्या ऑस्ट्रेलियात टोमॅटो तोडायला गेला होता. तिथे टोमॅटो तोडतोस ते तोड, माझं घर कशाला तोडतोस, असं सोसेफो मनातल्या मनात त्याला रोज ऐकवायचा.

काल गड्यांच्या कावा प्यायच्या बैठकीत तर हाइआफूने सगळ्यांदेखत टोमणा मारला होता. "गावभर याचा फोन त्याच्या टीव्हीला जोडत हिंडतोस लेका. घरची जोडणी सुटत चाललीय, तिकडे बघ जरा!" सगळे खो खो हसले. सोसेफोही हसला, पण पुढची वाटी त्याने न पिताच परत केली.

खरंच, गावातल्या साऱ्यांचे फोन तोच लावून द्यायचा. कुणाचा टीव्हीला, कुणाचा प्रिंटरला, पाद्रीबाबांचा चर्चच्या कर्ण्याला. फोनवाचून राहिली होती ती फक्त त्याची थोरली बहीण फिफिता. चाळिशीला आलेली, बिनलग्नाची, त्याच्याच घरी आतल्या खोलीत चटया विणत बसणारी. बेटावरची रीतच अशी, की बहिणीच्या वस्तूला भाऊ हात लावत नाही, मग तिला फोन लावून देणार कोण? ती टीव्हीपुढे बसली की सोसेफो उठून बाहेर जायचा. पडद्यावर कोण कधी कुणाच्या गळ्यात पडेल याचा नेम नसतो, आणि तसलं काही भावाबहिणीने एका छताखाली बघायचं नसतं.

आज मात्र तो इरेला पेटला होता. दुपारी लुपे आंघोळीला गेली तेव्हा त्याने तिचा फोन ओसरीवरच्या मोठ्या स्पीकरला जोडून टाकला. लग्नाकार्यात अख्ख्या वाडीला ऐकू जाणारा स्पीकर. जोडणी झाल्यावर तो टुण्ण करतो, तेही त्याने बंद केलं. मग आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन, नजर जमिनीवर ठेवून तो म्हणाला, "ताई, जरा ओसरीवर येऊन बसता का? तुमच्या भावजयीचे प्रताप तुमच्या कानांनी ऐका."

घरात थोरल्या बहिणीचा शब्द शेवटचा. तिने एकदा "हिला माहेरी धाडा" म्हटलं की पुढे कुणाची बोलायची टाप नव्हती. लुपे गेली तर आपल्याला घास गोड लागणार नाही, हे सोसेफोला पक्कं ठाऊक होतं. तरीही त्याला तो निकाल हवाच होता. मत्सराने माणूस असा स्वतःच्याच मुळावर येतो.

फिफिता अर्धवट विणलेली चटई घेऊन आली आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्याकडे पाठ करून बसली.

संध्याकाळी लुपे पुन्हा झाडाखाली गेली आणि रेकॉर्ड होऊन आलेला निरोप लावून तिने फोन कानाशी धरला. काहीच ऐकू येईना, म्हणून तिने आवाज वाढवला. मग आणखी वाढवला.

"किती झुलवशील गं?" तानिएलाचा खर्ज ओसरीवर गडगडला. "तो घरात असला की तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही. कळतं मला."

"ऐकलंत?" सोसेफो ताडकन उठला. "ऐकलंत ना, ताई?"

"पण त्याच्या धाकात जन्म काढायचा का आपण? अंगठी घेऊन ठेवलीय मी. नाताळाला येतोय. तोपर्यंत एकदा हो म्हण, फिफिता."

सोसेफो स्पीकरवर झेपावला. गावभरचे स्पीकर लावणाऱ्या माणसाला स्वतःच्या स्पीकरचं बटण सापडेना. पलीकडच्या अंगणातली झाडलोट थांबली होती. कुणीतरी खुदकन हसलंही. फिफिताने चटई ओढून तोंडावर घेतली.

लुपे धावत आली. स्पीकरचा लुकलुकणारा निळा दिवा तिने पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता नणंदेपाशी गुडघे टेकले.

"वन्सं, अहो वन्सं, ऐका तरी माझं."

"त्याला नाही म्हणून कळव," चटईआडून आवाज आला. "भावाच्या कानावर गेलं, सगळ्या वाडीच्या कानावर गेलं. आता कुठल्या तोंडाने हो म्हणू मी?"

"काल रात्रीच हो म्हणाला होतात ना!" लुपेला रडू फुटलं. "आज कळवणार होते मी त्याला."

सोसेफो खांबाला धरून उभा होता. बहिणीसमोर असं काही निघालं की भावाने उठून जायचं असतं, पण त्याचे पाय हलेनात. जिवावरचं ओझं उतरलं म्हणून बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचीच त्याला लाज वाटत होती.

"माझ्यापासून कशाला लपवायचं होतं हे?" तो कसाबसा म्हणाला. "मी नवरा ना तुझा?"

लुपेने डोळे पुसले.

"नवऱ्याला तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं रे," ती म्हणाली. "पण तो नेमका वन्संचा भाऊ निघाला."