एक पायरी खाली

पाहुणे उपदेशक चर्चच्या व्यासपीठावर चढले आणि सूनबाई त्यांच्याहून एक पायरी खाली उभी राहिली. दुभाष्या स्त्रीची जागा तीच, असे मंडळीच्या वडीलजनांनी ठरवून दिले होते. स्त्रीने उपदेश करणे शास्त्राविरुद्ध. पुरुषाचा उपदेश तिने वाक्यावाक्याने आपल्या भाषेत सांगणे मात्र शास्त्रसंमत, कारण तोंड तिचे असले तरी बोलत तो असतो. हा तर्क ज्यांनी लढवला, त्यांच्या झोपेत त्याने कधी व्यत्यय आणला नव्हता.

ती धर्मशास्त्राची पदवीधर होती. एका रविवारी मला उपदेश करू द्या, असा अर्ज तिने केला होता. वडीलजनांनी उत्तर दिले नाही. ते उत्तर देण्यासाठी परदेशातून हे विद्वान बोलावले. त्यांची भाषा येणारी व्यक्ती मंडळीत एकच होती. ज्याच्या विरुद्ध निकाल, त्यालाच तो वाचून दाखवायला लावण्याची सोय न्यायालयांना अजून साधलेली नाही.

"सूनबाई, फक्त भाषांतर हं," मुख्य वडील असलेल्या सासऱ्यांनी पहिल्या बाकावरून बजावले. "पदरचा मसाला नको."

"काना-मात्रा बदलणार नाही, बाबा."

तिने बदललीही नाही. माइक पाहुण्यांकडून तिच्याकडे आणि तिच्याकडून पाहुण्यांकडे जात राहिला. आदाम झाला, हव्वा झाली, बायबलमधले प्रेषित पौलाचे करिंथकरांस पत्र निघाले.

"म्हणून स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे," तिने स्वच्छ आवाजात सांगितले. "हा सल्ला नाही, आज्ञा आहे. ती याच क्षणापासून पाळली जावी."

मग तिने माइक परत दिला, हात जोडून घेतले आणि ती गप्प झाली.

पाहुण्यांनी पुढचे वाक्य उच्चारून माइक तिच्यापुढे धरला. ती हलली नाही. त्यांनी आणखी एक वाक्य उच्चारले. ते विनोदी असावे, कारण ते स्वतः हसले. दुसरे कोणी हसले नाही.

"अगं, बोल ना!" सासरे दबक्या आवाजात म्हणाले. "काय म्हणतायत ते?"

"कशी बोलेल?" स्त्रियांच्या बाकांवरून सासूबाई उठल्या. गाण्यांव्यतिरिक्त त्यांचा आवाज या छताखाली कोणी ऐकला नव्हता. "आत्ताच आज्ञा झाली ना? तुम्ही म्हणजे घरी ऐकत नाही तसं इथेही ऐकत नाही."

मागे कोणीतरी फिसकन हसले.

"अगं, मग आता करायचं काय?" सासऱ्यांनी विचारले.

"मुकं कोण झालंय ते आधी बघा."

सगळ्यांनी पाहिले. पाहुण्यांचे ओठ हलत होते, बोट वर उठत होते, आणि एकाही माणसापर्यंत काहीही पोचत नव्हते. सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"बोल, सूनबाई."

"कोणाचं बोलू, बाबा? त्यांचं की माझं?"

सासऱ्यांनी शेजारच्या वडीलजनांकडे पाहिले. ते छताकडे पाहत होते.

"त्यांचं... ऐकून झालं," सासरे म्हणाले.

मंडळीने मला बोलायला सांगितले आहे, असे तिने पाहुण्यांना त्यांच्याच भाषेत कळवले. ते गोंधळून बाजूला सरले. सरायला जागा एकच होती, खालच्या पायरीवर.

तिने तेच पत्र उघडले आणि तीन अध्याय मागे गेली.

"इथे हाच पौल सांगतो, स्त्रीने प्रार्थना करताना, देवाचा संदेश देताना डोकं झाकावं. मला एवढंच विचारायचंय, जिने तोंडच उघडायचं नाही, तिच्या डोक्यावर काय आहे याची चिंता त्याने कशाला केली असती?"

ती बोलत राहिली. पायरीवरचे विद्वान मान तिरकी करून, काही म्हणजे काही न कळता, ऐकत राहिले. शेवटी स्त्रियांच्या बाकांवरून एक शब्द उठला. सर्व भाषांत सारखाच असलेला तो शब्द तेवढा त्यांना कळला, आणि जन्माच्या सवयीने त्यांनीही मान लववून तो म्हटला.

"आमेन."