दुखणं माझं

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. भांडुपच्या दवाखान्यात डॉक्टर मला "काय होतंय?" विचारायचे आणि उत्तर आमचे हे द्यायचे. मी तोंड उघडायची ते फक्त जीभ दाखवायला. ह्यांनी पित्त ठरवलं, म्हणून कंपाउंडरने लाल मिक्श्चरच्या चार बाटल्या भरून दिल्या. छातीतली कळ काही हलली नाही.

शेवटी एक दिवस एकटीच गेले. जिना चढताना कळ कशी येते, डावा हात कसा भरून येतो, सगळं घडाघडा सांगितलं. "मिक्श्चर पुरे झालं, मला कार्डिओग्राम काढायचाय," असंही ठणकावलं.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पेनाला टोपण लावलं.


"वहिनी, संध्याकाळी मिस्टरांना पाठवून द्या. तुम्हाला नक्की काय होतंय, ते एकदा त्यांना विचारून घेतो."